जॉन जोन्स नेमका कुठला? वेल्सच्या जुन्या नोंदी उतरवताना

गणितातलं 'पाय'चं चिन्ह आपण सगळ्यांनीच शाळेत गिरवलेलं असतं. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी ते पहिल्यांदा छापलं गेलं १७०६ मध्ये, विल्यम जोन्स नावाच्या वेल्श गणितज्ञाच्या पुस्तकात. त्यांच्या मुलाचं नावही विल्यम. संस्कृतचे अभ्यासक आणि १७८४ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी काढणारे सर विल्यम जोन्स ते हेच. घराणं एवढं नावाजलेलं, तरी वंशावळ मागे न्यायला बसलं की पहिल्याच पायरीवर अडायला होतं. थोरल्या विल्यमच्या वडिलांचं नाव होतं शॉन शोर. मग मुलगा जोन्स कसा? तर शॉन म्हणजे जॉन, आणि जॉनचा तो जोन्स. आडनाव वारशाने आलेलंच नाही, बापाच्या नावावरून पाडलेलं आहे.

म्हणजे आडनाव धरून मागे जायची वाट बंद. हाताशी उरतं ते गाव. थोरल्या विल्यमचा जन्म अँगलसी बेटावरच्या लानविहांगेल ट्रेर बेयर्दचा. यातलं नुसतं 'लानविहांगेल' नोंदवहीत असतं, तर तो माणूस वेल्सच्या कुठल्याही कोपऱ्यातला असू शकला असता, कारण या नावाची गावं तिकडे पैशाला पासरी आहेत.

वेल्समधल्या पूर्वजांचा शोध घेणारे लोक जगभर आहेत, आणि त्यांच्यासाठी चर्चच्या नोंदवह्या, जनगणनेची पुस्तकं, थडग्यांवरचे मजकूर वाचून संगणकावर उतरवणारे स्वयंसेवकही आहेत. घरी बसून, स्कॅन केलेलं पान बघत करायचं हे काम कुठूनही करता येतं, त्यामुळे वेल्श न येणारेही त्यात पुष्कळ. यातलं सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे गावांची नावं. तारखा वाचता येतात, माणसांची नावं तीच ती असतात. गाडं रुततं ते ठिकाणाच्या रकान्यात.

आडनावं मूठभर, माणसं लाख

वेल्समध्ये पूर्वी माणसाची ओळख बापाच्या नावाने सांगत. 'आप' म्हणजे मुलगा, 'व्हेर्ख' म्हणजे मुलगी. रीसचा मुलगा तो आप रीस. त्याचंच पुढे प्राइस झालं. आप हवेलचं पॉवेल, आब ओवाइनचं बोवेन, आब एव्हनचं बेव्हन. बड्या घराण्यांनी सोळाव्या शतकापासून कायमची आडनावं घ्यायला सुरुवात केली. खेड्यापाड्यांत मात्र, विशेषतः उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे, बापाच्या नावावरून आडनाव पाडायची रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळली. एव्हन डेव्हिसचा मुलगा जॉन एव्हन्स, हे कुटुंबाच्या नोंदीत दिसलं तर चूक समजू नये.

मुळात बारशाला ठेवायची नावंच थोडी होती, त्यामुळे त्यांतून निघालेली आडनावंही थोडी. जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, एव्हन्स, थॉमस एवढ्यांतच अर्धं गाव उरकतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंड-वेल्सच्या नोंदणी खात्याने आपल्या अहवालात वैतागून लिहून ठेवलं की वेल्सच्या बाजारपेठेत जॉन जोन्स असा पुकारा केला, तर त्यातून कुणा एकाचा बोध होणार नाही. गावकऱ्यांना ही अडचण नव्हती. ते माणसाला त्याच्या शेतावरच्या घराच्या नावाने ओळखत. टी माउरचा जॉन, हेन्द्रेचा जॉन. म्हणून वेल्श नोंदीत घराचं नाव आणि गावाचं नाव हे 'पत्ता' या रकान्यातलं दुय्यम काहीतरी नाही, तीच माणसाची खरी ओळख आहे. ते चुकलं तर सापडलेला जॉन जोन्स शेजारचा निघतो, आणि त्याच्या मागची सगळी वंशावळ दुसऱ्याच कुणाची तरी.

सांगणारा वेल्श, लिहिणारा इंग्रजीत

१५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला पक्का जोडला गेला आणि कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी ठरली. कोर्टाच्या कागदांत तर १७३३ पर्यंत लॅटिनही चालू होती. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम १५३८ चा. त्या नोंदवह्याही बहुतेक इंग्रजीत नाहीतर लॅटिनमध्ये. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली, तीही इंग्रजीत. बोलणारे लोक मात्र वेल्श. अगदी १९०१ च्या जनगणनेतसुद्धा वेल्समधले जवळपास निम्मे लोक वेल्श बोलणारे होते. थोडक्यात, शेकडो वर्षं एका भाषेत उच्चारलेली नावं दुसऱ्या भाषेच्या स्पेलिंगमध्ये कागदावर उतरत गेली.

इथे सगळं खापर परक्या इंग्रज कारकुनावर फोडायचा मोह होतो. तो मला पटत नाही. प्रगणक बरेचदा गावातलाच असे: शाळामास्तर, दुकानदार, शेतकरी. त्याची स्वतःची भाषा वेल्शच. पण शाळेत तो लिहायला शिकला इंग्रजीत, तेव्हा कानाला वेल्श ऐकू आलं तरी हात इंग्रजी वळणाने जाई. शिवाय त्या काळी खुद्द वेल्शचं लेखनही एकसारखं ठरलेलं नव्हतं. एकाच वहीत, एकाच हाताने, एकच गाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सर्रास दिसतं.

जनगणनेच्या पुस्तकांबद्दल आणखी एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. घरोघर दिलेले मूळ तक्ते प्रगणक गोळा करायचा आणि त्यातला मजकूर आपल्या पुस्तकात नकलून काढायचा. १९०१ पर्यंतची जी पुस्तकं आपण पाहतो, ती या नकला आहेत; मूळ तक्ते राहिले नाहीत. १९११ पासून मात्र कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला तक्ताच पाहायला मिळतो, आणि वेल्समध्ये तो वेल्श भाषेतही मिळत असे. जन्मगावाचा रकानाही सुरुवातीपासून तसा नव्हता. १८४१ मध्ये फक्त 'याच काउंटीत जन्म झाला का' एवढंच विचारलं होतं. गावाचं, म्हणजे पॅरिशचं नाव १८५१ पासून लिहू लागले. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख; त्यात एखादं गाव असेल, नाहीतर पाच-सात वाड्या.

अक्षरं तीच, हिशेब वेगळा

वेल्श रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे पान पाहून वाटतं की वाचता येतंय. खरी फसगत तिथेच. वेल्श वर्णमालेत २९ अक्षरं आहेत, पण के, क्यू, व्ही, एक्स आणि झेड त्यांत नाहीत. उलट आठ अक्षरं दोन-दोन चिन्हं जोडून बनतात आणि ती एकच अक्षर म्हणून मोजली जातात. डब्ल्यू आणि वाय हे स्वरांचं काम करतात. इंग्रजी नजरेला जो शब्द नुसत्या व्यंजनांचा गठ्ठा दिसतो, त्यात खरं तर पुरेसे स्वर असतात. एकटा एफ आला तर उच्चार 'व', दोन एफ जोडून आले तर 'फ'. दोन डी मिळून इंग्रजी 'दॅट'मधला मऊ द.

आणि डबल-एल. जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि आवाज न काढता दोन्ही बाजूंनी नुसता वारा सोडायचा. देवनागरीत याला अक्षर नाही. आपला ळ हा नव्हे. 'कोल्हा'मधला ल्ह जरा जवळ जातो, पण तोही नाही. या लेखात मी सरळ 'ल' लिहितोय. 'लान'ने सुरू होणारं कुठलंही गाव दिसलं की मनात डबल-एल समजावा. लान म्हणजे मुळात कुंपण घातलेली जागा, पुढे त्यातलं चर्च, आणि मग त्या चर्चभोवतीचं गाव.

इंग्रजी वळणाच्या हाताने या आवाजांचं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. 'व' ऐकू आला की एफच्या जागी व्ही लिहिला. मन्मथशरमध्ये लानविहांगेल क्रूकोर्नीच्या इंग्रजी नावात तो व्ही आजही आहे. मऊ द ऐकू आला की टी-एच. काळ्या डोंगरांमधला लानथनीचा मठ मुळात 'लानदेवी नान्त होन्दी', म्हणजे होन्दी ओढ्याकाठचं देवीचं चर्च. (ही देवी आपली नव्हे. देवि हे वेल्सचा संत डेव्हिड याचं वेल्श नाव.) डबल-एल तर इंग्रजी जिभेला जमलाच नाही. कुणी एकच एल लिहिला, कुणी एफ-एल. लॉइड या वेल्श आडनावाचं फ्लॉइड झालं ते असंच.

मग हस्ताक्षराचा त्रास वेगळाच. 'पॉन्ट' म्हणजे पूल आणि 'पान्ट' म्हणजे सखल जागा, खोलगट भाग. रोमन लिपीत फरक फक्त मधल्या ओ आणि ए या अक्षरांचा. घाईत लिहिलेला ओ वरून उघडा राहिला की पुलाची खळगी होते, आणि शेत बदलतं. 'ग्लान' म्हणजे नदीकाठ, 'लान' म्हणजे चर्च. सुरुवातीच्या वळणदार मोठ्या अक्षरावर शाई पसरली असेल तर निवाडा कशावरून करायचा? अशा वेळी त्या पानावरची बाकीची मोठी एल आणि जी शोधून, त्याच हाताची वळणं शेजारी ठेवून पाहावी लागतात. शब्दकोशापेक्षा हा उपाय कितीतरी भरवशाचा.

दोन छोट्या एफची गोष्ट मला विशेष आवडते. जुन्या इंग्रजी हस्ताक्षरात मोठा एफ लिहायचा झाला की लेखनिक दोन छोटे एफ लिहीत. म्हणून इंग्रजी नोंदी उतरवणाऱ्यांना शिकवतात की सुरुवातीला दोन छोटे एफ दिसले तर एकच मोठा एफ धरा. इंग्लंडमध्ये हे बरोबर. वेल्समध्ये मात्र दोन एफ हे स्वतंत्र अक्षर आहे, एका एफने उच्चारच बदलतो. फेस्टिनिऑग गावाच्या नावात दोन एफ हवेत. पण १८३२ च्या ज्या कायद्याने तिथली पाट्यांचा दगड वाहणारी रेल्वे मंजूर झाली, त्यात एकच एफ पडला, आणि रेल्वे कंपनीचं कायदेशीर नाव तसंच राहिलं. जुन्या वहीत दोन छोटे एफ दिसले तर ते दोन्ही तसेच ठेवावेत, हे उत्तम.

पहिलंच अक्षर बदलतं तेव्हा

आता खरी मेख. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर आधीच्या शब्दाच्या प्रभावाने बदलतं. बँगोर हे शहर घ्या. 'बँगोरला' म्हणायचं तर 'इ वांगोर'. 'बँगोरमध्ये' म्हणायचं तर 'अम मांगोर'. शहर तेच, सुरुवातीला कधी ब, कधी व, कधी म. कार्डिफचं वेल्श नाव काइरदीद. 'कार्डिफला' जाताना ते गाइरदीद होतं आणि 'आणि कार्डिफ' म्हणताना खाइरदीद. हा व्याकरणाचा नियम आहे, पक्का आणि बऱ्यापैकी सुसूत्र. प, ट, क, ब, ड, ग, म, डबल-एल आणि आर-एच ही नऊ अक्षरं ठराविक जागी ठराविक रूप घेतात. वेल्श मुलं ती बोलता बोलता उचलतात. पण वहीत 'वांगोर'चं कुणी असं दिसलं की वेल्श न जाणणारा वांगोर शोधत नकाशा पालथा घालतो.

गावांच्या नावांत तर हे बदल कायमचे मुरलेले आहेत. मेरीला वेल्शमध्ये मायर म्हणतात, पण मेरीचं चर्च ते लानवायर. पीटर म्हणजे पेदर, त्याचं लानबेदर. मिहांगेल हा देवदूत मायकेल, त्याचं लानविहांगेल. गिरणी म्हणजे मेलिन, पण हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून 'ती गिरणी' असं नेमकं सांगताना 'अ वेलिन' होतं. पुढे सुरुवातीचा 'अ' गळून पडतो आणि शेताचं नाव नुसतं 'वेलिन' म्हणून लिहिलं जातं. पॉन्टचं बॉन्ट, क्राइगचं ग्राइग, तसंच हे. ग तर पूर्ण गायबच होतो. गवताळ माळाला ग्वाइन म्हणतात, पण 'तो माळ' झाला की 'अ वाइन'. चर्क या सरहद्दीवरच्या गावाचं वेल्श नाव हेच आहे. सूचीत एक नोंद जी खाली, दुसरी डब्ल्यू खाली, आणि गाव एकच.

काउंटीचं नाव लिहिताना वेल्शमध्ये आधी 'सीर' येतो, म्हणजे जिल्हा. मोनचं सीर वोन, पेनव्रोचं सीर बेनव्रो, काइरवर्दिनचं सीर गाइरवर्दिन. रोमन लिपीत हा 'सीर' नेमका इंग्रजी 'सर'सारखा दिसतो. १९११ चा वेल्शमध्ये भरलेला तक्ता समोर आला आणि वाचणाऱ्याला वेल्शचा गंध नसेल, तर जन्मगावाच्या रकान्यात एखादे सरदारसाहेब अवतरतात.

थडग्यांवरचे दगड तर बहुतांशी वेल्शच. सुरुवात 'एर कोव आम' अशी, म्हणजे 'च्या स्मरणार्थ'. मग 'हेविद' म्हणजे 'तसेच', आणि पुढे बायकोचं नाव. 'गिन्ट ओ' म्हणजे 'पूर्वीचा, अमुक गावचा'. आणि या 'ओ'मुळे पुढच्या गावाचं पहिलं अक्षर लगेच बदलतं. लानेलीचा डबल-एल इथे एकेरी होतो. दगडावरचा कारागीर बरोबर असतो. त्याला दुसरा एल राहून गेला असं समजून तो आपल्या पदरचा घालू नये.

या बदलांमुळे संगणकाचा शोधही फसतो. नावांची उच्चारावरून जुळणी करायची साउंडेक्स ही जुनी पद्धत घ्या. १९१८ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट निघालं. ती शब्दाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते आणि पुढच्या व्यंजनांचे आकडे करते. मेलिनला सांकेतांक मिळतो एम-४५०, वेलिनला एफ-४५०. पुढचे आकडे तंतोतंत सारखे, तरी पहिलं अक्षर वेगळं म्हणून संगणकाच्या लेखी या दोन जागांचा संबंधच नाही. स्मिथ आणि स्मिथीसाठी ही पद्धत उत्तम. वेल्शमध्ये नेमकं तेच अक्षर हलतं, जे ती अढळ मानते. म्हणून शोधताना पहिल्या अक्षराच्या जागी चांदणीचं चिन्ह (*) टाकून पाहावं, जिथे तशी सोय असेल तिथे.

गावं दोन, नाव एक. गाव एक, नावं दोन

आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात, तसे वेल्समध्ये माउर आणि बाख, म्हणजे थोरलं आणि धाकटं. शिवाय इखाव आणि इसाव, म्हणजे वरचं आणि खालचं. फरक इतकाच की प्रगणक ही पुढची शेपटी बऱ्याचदा लिहीतच नाही. त्याला गाव ठाऊक असतं आणि रकाना अरुंद असतो.

दुहेरी नावं तर ठायी ठायी. स्वान्सी म्हणजेच अबरताउए, ब्रेकन म्हणजे अबरहोन्दी, होलीहेड म्हणजे काइरगबी. कधी इंग्रजी नाव गोंधळ घालतं आणि वेल्श तो सोडवतं: न्यूपोर्ट दोन आहेत, पण मन्मथशरच्या न्यूपोर्टला वेल्शमध्ये कासनेविद म्हणतात आणि पेम्ब्रोकशरच्या न्यूपोर्टला त्रेव्ह्द्रायथ. कधी उलटं होतं. डेन्बी उत्तरेत आणि टेन्बी नैर्ऋत्य टोकाला, इंग्रजीत दोन वेगळी नावं. वेल्शमध्ये दोन्ही दिन्बिख, फक्त टेन्बीला पुढे 'माशांचं' अशी जोड आहे. ती जोड लिहायची राहिली तर माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाला जन्मतो.

काही गावांची नावंच बदलली. पॉन्टिप्रिदला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यूब्रिज म्हणत. आणि काही नावं तर बायबलमधलीच: बेथेस्डा, कार्मेल, नेबो, हेब्रॉन, बेथलेहेम. अँग्लिकन चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांनी प्रार्थनामंदिरं बांधली, त्यांना बायबलमधली नावं दिली, आणि भोवती वस्ती झाली तिलाही तेच नाव पडलं. जन्मगाव बेथलेहेम, काउंटी कार्मार्थनशर, असं दिसलं तर बिनधास्त उतरवा. ते गाव तिथे खरंच आहे.

एक नोंद, जवळून

समजा, १८८१ च्या जनगणनेत ऱ्होन्दा खोऱ्यात एक कोळसा खाणकामगार सापडला. नाव जॉन जोन्स, वय ३८, जन्म 'लानविहांगेल, कार्डिगनशर'. ऱ्होन्दा हे अशा माणसांचंच खोरं. १८५१ मध्ये तिथे धनगरांची विरळ वस्ती होती, आणि १९११ पर्यंत लोकसंख्या दीड लाखाच्या वर गेली. साऱ्या वेल्समधून, शिवाय सॉमरसेट-डेव्हनमधूनही माणसं खाणींवर आली. तिथल्या प्रगणकाच्या कानावर रोज शंभर ठिकाणची नावं पडत होती, त्यातली बहुतेक त्याने कधी पाहिलेलीही नव्हती.

कार्डिगनशरमध्ये लानविहांगेल अ क्रॉयदिन आहे, लानविहांगेल गेनायर ग्लिन आहे, लानविहांगेल अस्त्राद आहे. एका नोंदीवरून निकाल लागत नाही. मग त्याच माणसाला बाकीच्या जनगणनांत शोधायचं. बायको, मुलं, वयं जुळवत गेलं की १८९१ मध्ये तो सापडतो, आणि तिथे जन्मगाव लिहिलंय 'टालअबॉन्ट'. १८७१ मध्ये 'बोर्थ'. आणखी पुढे कुठेतरी नुसतं 'अबरिस्टविथ'. पहिल्यांदा बघणारा म्हणेल, चार वेगळी माणसं आहेत. पण टालअबॉन्ट आणि बोर्थ ही दोन्ही गावं पूर्वी गेनायर ग्लिनच्याच पॅरिशमध्ये मोडत, आणि अबरिस्टविथ हे जवळचं मोठं शहर. परमुलखात कुणी 'तुम्ही कुठले?' विचारलं, तर माणूस समोरच्याला कळेल असंच नाव सांगतो. चारही उत्तरं एकाच जागेकडे बोट दाखवतात. अ क्रॉयदिन आणि अस्त्राद बाद झाली.

आता हे लक्षात घ्या: हा उलगडा झाला तो चारही नोंदी वेगवेगळ्या राहिल्या म्हणून. उतरवणाऱ्याने मदत करायच्या हेतूने सगळीकडे 'अबरिस्टविथ' करून टाकलं असतं, किंवा 'लानविहांगेल' दिसताच आपल्या माहितीतलं अ क्रॉयदिन पुढे जोडलं असतं, तर दोरा तिथेच तुटला असता.

वाचायचं वेगळं, ओळखायचं वेगळं

म्हणून या कामात माझ्या मते एकच गोष्ट कसोशीने पाळायची. वाचन आणि ओळख ही दोन कामं आहेत, आणि त्यांचे रकाने वेगळे असायला हवेत. पहिल्या रकान्यात कागदावर जे आहे ते. चुकीचं स्पेलिंग असेल तर चुकीचंच, व्ही असेल तर व्हीच. संक्षेप फोडायचे नाहीत. आजच्या नकाशात जोडरेघ किंवा स्वराच्या डोक्यावरची टोपी (^) आहे म्हणून ती जुन्या नोंदीत घालायची नाही. 'टीनअकोइद' एकत्र लिहिलंय की तीन तुकड्यांत, तेही जसंच्या तसं. दुसऱ्या रकान्यात आपला तर्क: आजचं प्रमाण नाव, पॅरिश, काउंटी.

अक्षर लागलंच नाही तर अंदाज ठोकायचा नाही. ब्रिटनमध्ये फ्रीरेग, फ्रीसेन अशा स्वयंसेवी प्रकल्पांनी यासाठी खुणा ठरवल्या आहेत: एका न लागलेल्या अक्षरासाठी खालची रेघ, अनेकांसाठी चांदणी, आणि 'हे किंवा ते' असा संशय असेल तर दोन्ही अक्षरं चौकटी कंसात. पॉन्ट की पान्ट हा निवाडा होत नसेल, तर ओ आणि ए दोन्ही कंसात टाकून मोकळं व्हावं. शोधणाऱ्याला मग दोन्हींपैकी काहीही टाकलं तरी नोंद मिळते.

थोडी वेल्श आली तर? फायदाच, पण अर्धवट येणाऱ्याचा हात जास्त शिवशिवतो. कागदावर 'बेटव्स'मध्ये दोन टी दिसतात, आज एकच लिहितात, मग एक टी उडवायचा. हा मोह इंग्रजी सवयीइतकाच वाईट. हस्ताक्षर वाचणारी नवी यंत्रंही याच रोगाने आजारी आहेत: इंग्रजीवर शिकलेलं यंत्र अनोळखी अक्षररांगेतून ओळखीचा इंग्रजी शब्द काढू पाहतं.

ओळखीच्या रकान्यासाठी साधनं मात्र झकास आहेत. बँगोर विद्यापीठाकडे मेलव्हिल रिचर्ड्स या अभ्यासकाने जमवलेला स्थलनामांचा संग्रह आहे. तीन लाखांहून जास्त नोंदी, प्रत्येकीत नाव कुठल्या कागदात कुठल्या साली कसं लिहिलंय ते. वेल्सच्या ऐतिहासिक स्थलनामांची सरकारी यादी २०१६ च्या कायद्याने तयार झाली. तिच्यात जुनी रूपं टाकून शोधता येतं. सगळ्यात कामाचे मला वाटतात ते १८३६ च्या कायद्यानंतर काढलेले चर्चच्या कराचे नकाशे. त्यांत पॅरिशमधलं एकेक शेत, त्याचं नाव, मालक आणि कसणारा असं सगळं आहे. अबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्वयंसेवकांच्या मदतीने ते उतरवून संकेतस्थळावर फुकट खुले केलेत. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रंही तिथेच मिळतात, आणि मृत्युपत्रात माणूस आपल्या शेताचं नाव सहसा चुकवत नाही.

काउंट्यांचं थोडक्यात सांगतो. जुन्या १३ काउंट्या १९७४ मध्ये मोडून आठ झाल्या, १९९६ मध्ये २२ स्वतंत्र परिषदा. नोंदीत जी असेल तीच लिहायची, आजची नाही. नोंदणीचे जिल्हे आणखी वेगळे: कार्डिगन या नोंदणी जिल्ह्यात पेम्ब्रोकशरचाही भाग होता, तेव्हा सूचीत 'कार्डिगन' दिसलं म्हणून काउंटी ठरत नाही.

आणि कधी कधी गाव नकाशावर नसतंच. लिव्हरपूल शहराला पाणी पुरवण्यासाठी वेल्समध्ये धरणं बांधली गेली. ट्रवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन १९६५ मध्ये पाण्याखाली गेलं. त्याच्या कितीतरी आधी, १८८० च्या दशकात, लानउदिन हे गाव व्हर्नवी तलावात बुडालं आणि त्याच नावाचं नवं गाव थोडं खाली वसवलं. आजच्या नकाशावर लानउदिन आहे, पण १८६१ च्या जनगणनेतलं लानउदिन ते नव्हे. ओळखीच्या रकान्यात अक्षांश-रेखांश भरायचे असतील, तर अशा जागी ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचा, जुना नकाशाच काढावा लागतो. वेल्सचे हे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.